हाताला काम आणि जिभेला वेळ

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, आज मी कविता वाचणार नाही. घरातली एक हकिकत सांगणार आहे आणि तिच्या अनुषंगाने दोन-चार उपयोगाच्या गोष्टी. मी डॉक्टर नाही. बी. ए. झालेला आणि शब्दांवर पोसलेला माणूस आहे. पण आमच्या घराने गेल्या काही वर्षांत जे शिकून घेतलं, ते आधी कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं, असं सारखं वाटतं. म्हणून हे बोलणं.

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात आमची वडिलोपार्जित जमीन आहे. ती माझे थोरले भाऊ, आम्ही त्यांना भाई म्हणतो, कसतात. मी नोकरीच्या निमित्ताने सोलापुरात राहिलो. गावाकडे भाई, भाभी, त्यांचा मुलगा, धाकटी मुलगी आणि दोन म्हशी. २०२३ सालचा फेब्रुवारी महिना. ज्वारीची काढणी सुरू होती. पहाटे साडेपाचला भाभी चुलीपुढे बसलेल्या. आठ माणसांच्या भाकरी करायच्या होत्या. चौथी भाकरी तव्यात टाकता टाकता त्यांनी कपाळ धरलं. ‘‘सर फटरा मेरा,’’ म्हणाल्या. डोकं फुटतंय. मग उलटी झाली. उजवा हात परातीत तसाच राहिला, तो उचलेना.

गावातल्या डॉक्टरांनी पित्त म्हणून इंजेक्शन दिलं आणि झोपू द्या म्हणाले. घरच्यांनी झोपू दिलं. दुपारी मुलगा रानातून आला, तेव्हा आईचं तोंड वाकडं झालेलं आणि हाक मारली तरी ओ नाही. मग १०८ ला फोन, मग सोलापूर. तिथे सीटी स्कॅन झाला आणि कळलं, की मेंदूच्या डाव्या भागात, खोलवर, रक्तस्राव झाला आहे. पहाट ते संध्याकाळ, मधले दहा तास गेले होते. त्या डॉक्टरांना दोष देऊन मी मोकळा होऊ शकत नाही. आम्हीही पाहतच होतो की.

हा रक्तस्राव होतो कसा, हे मला तिथल्या डॉक्टरांनी समजावलं. शेतकऱ्याच्या भाषेत सांगतो. ठिबकची जुनी नळी असते. मोटारीचा दाब रोज जास्त राहिला तर नळी एकदम फुटत नाही. आधी आतून झिजते, कुठेतरी पातळ होते आणि एके दिवशी तिथे फुटते. मेंदूच्या खोल भागातल्या बारीक रक्तवाहिन्यांचं तसंच आहे. वर्षानुवर्षं वाढलेला रक्तदाब त्यांच्या भिंती कमकुवत करतो. फुटल्यावर नुकसान दोन प्रकारचं होतं. नळीच्या पुढच्या भागाला रक्त मिळत नाही, हे एक. आणि सांडलेलं रक्त कवटीच्या बंद डब्यात साचून आजूबाजूच्या चांगल्या भागाला दाबत राहतं, हे दुसरं.

आपण ज्याला लकवा किंवा अर्धांगवायू म्हणतो, तो बहुतेक वेळा रक्ताच्या गुठळीने वाहिनी बंद झाल्यामुळे होतो. थोड्या रुग्णांत तो असा रक्तस्रावामुळे होतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. फरक कळतो तो सीटी स्कॅनमध्येच. उपचार मात्र उलटे. गुठळी असेल तर ती विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. रक्तस्राव असेल तर तेच औषध घातक, तिथे दाब लवकर खाली आणायचा असतो. म्हणून घरात कुणी ‘रक्त पातळ करणारी’ ॲस्पिरिनची गोळी आपल्या मनाने देऊ नये. शुद्ध हरपत असलेल्या माणसाच्या तोंडात पाणी, दूध, साखर काहीही घालू नये, ते श्वासनळीत जातं. चेहरा एका बाजूला ओघळला, एक हात उचलेना, बोलणं बोबडं झालं, किंवा आयुष्यात कधी दुखलं नव्हतं इतकं डोकं अचानक दुखून उलटी झाली, तर त्याच क्षणी १०८. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे. आणि जिथे सीटी स्कॅन आहे तिथेच जायचं.

आता कारण. भाभींना रक्तदाब होता, हे आम्हाला ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी गोळ्या सुरू झाल्या होत्या. वर्षभर घेतल्या. मग ‘मला काही होत नाही, कशाला रोज गोळी?’ म्हणून त्यांनी बंद केल्या आणि घरात कुणी विचारलं नाही. रक्तदाबाची हीच गोम आहे. तो दुखत नाही. दाढ दुखते, गुडघा दुखतो, रक्तदाब दुखत नाही. गोळी घेऊन आकडा खाली आला म्हणजे दुखणं गेलं असं नाही, गोळीमुळे तो खाली राहिला आहे. त्यात आमचं खाणं. भाकरीबरोबर खर्डा, लोणचं, तोंडी लावायला पापड. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. म्हणजे सपाट एक चमचा, तोही दिवसभराचा, लोणचं-पापड धरून.

सतरा दिवसांनी भाभी घरी आल्या. ऑपरेशन करावं लागलं नाही. रक्त हळूहळू आपोआप शोषलं जाईल, असं डॉक्टर म्हणाले. जीव वाचला होता. पण उजवा हात आणि उजवा पाय लुळा होता आणि बोलणं गेलं होतं. भाई मला म्हणाले, ‘‘सोलापूरचं काम झालं. आता घरचं सुरू झालं.’’ ते बरोबर होतं. सरकारच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजना रुग्णालयातल्या खर्चाचा भार उचलतात, पण पुढचे महिने घरात काढायचे असतात, ते कुणाच्या योजनेत बसत नाहीत.

आणि घर म्हणजे काय, हे भाभी आडव्या झाल्यावर आम्हाला कळलं. पहाटे शेण काढणं, धारा, डेअरीला दूध, भाकरी, रानातली खुरपणी, संध्याकाळी वैरण, पुन्हा धारा. बी कुठल्या डब्यात आहे, कुणाची किती उधारी, गाभण म्हैस कधी विणार, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. सातबाऱ्यावर भाईंचं नाव आणि शेती मात्र निम्मी भाभींची, हे आम्ही तीस वर्षांत कधी मोजलं नव्हतं.

भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं. कुणी तेलाची बाटली आणली. कुणी ताईत आणून दिला, तो भाईंनी बाजेच्या पायाला बांधला. त्याने कुणाचं नुकसान झालं नाही. पण एका पाहुण्याने ‘इंग्रजी गोळ्या बंद करा आणि या पुड्या सुरू करा’ म्हटलं, तेव्हा भाचीने, मी माझ्या पुतणीला भाचीच म्हणतो, लहानपणापासूनची सवय आहे, पुड्या परत त्यांच्या पिशवीत ठेवल्या. एकोणीस वर्षांची पोर, पण त्या दिवशी घरात तिचंच डोकं ठिकाणावर होतं.

घरी काय करायचं, याचे पहिले धडे रुग्णालयातल्या नर्सबाईंनी दिले होते. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. उठवताना लुळ्या हाताला धरून ओढायचं नाही, खांदा निखळतो. भरवताना ताठ बसवायचं, छोटे घास द्यायचे, खोकला आला की थांबायचं, जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. हे सगळं आम्ही पाळलं. पाळलं म्हणजे काय, सेवेचा सपाटाच लावला. भाभींनी नुसतं बघितलं की पाणी हजर. वेणी घालून दिली, तोंड पुसून दिलं, घास भरवला. भेटायला येणारे म्हणायचे, ‘‘लेकरं असावीत तर अशी.’’

दीड महिन्याने सोलापूरला फिजिओथेरपीच्या बाईंकडे गेलो. त्यांनी भाभींना टेबलावरचा रुमाल उजव्या हाताने ओढायला सांगितला. भाभींनी आमच्याकडे बघितलं. मुलगा पटकन पुढे झाला आणि त्याने रुमाल त्यांच्या हातात दिला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘‘दादा, तुम्ही आईच्या हाताला कायमची रजा देताय.’’

मग त्यांनी जे सांगितलं, ते या सगळ्या हकिकतीचं सार आहे. मेंदूच्या ज्या पेशी मेल्या, त्या परत येत नाहीत. पण सगळ्या मेलेल्या नसतात. काही सुजेखाली, रक्ताच्या दाबाखाली नुसत्या दबलेल्या असतात. सूज उतरली की त्या जाग्या होतात. शिवाय मेलेल्या भागाचं काम आजूबाजूचा भाग थोडंफार शिकून घेतो. पाट फुटला तर शेतकरी बाजूने नवी चारी काढतो, तसं. पण चारी एकदा पाणी सोडून पडत नाही. तेच पाणी, तीच वाट, पुन्हा पुन्हा. हाताने प्रयत्न केला तरच मेंदूला वाट पाडायची गरज वाटते. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत ही वाट सर्वांत वेगाने पडते. नंतर वेग मंदावतो, पण थांबतो असं नाही.

मी विचारलं, व्यायामाची कोणती साधनं आणू? बाईंनी उलट विचारलं, ‘‘घरात यांचं काम काय होतं?’’ आणि त्या कामांतूनच त्यांनी आम्हाला व्यायाम काढून दिले. भुईमुगाच्या शेंगा टोपलीत ठेवायच्या, डाव्या हाताने उजव्याला धरून एकेक शेंग दुसऱ्या टोपलीत टाकायची. तूर निवडायची. ओल्या पिठाचा गोळा उजव्या मुठीत दाबायचा. लसणाची पाकळी चिमटीत धरायची. परडीतल्या वाळलेल्या मिरच्या एकेक करून उचलायच्या, त्या मात्र देठाकडून, आणि हात लगेच धुवायचे. चालण्यासाठी बाजेपासून गोठ्यापर्यंत दोरी बांधली. आधी दोन पावलं, मग दाराचा उंबरा, मग गोठा.

पहिले कित्येक दिवस शेंग टोपलीत पडायचीच नाही. दहा शेंगांना अर्धा तास लागायचा. बघणाऱ्याचा हात शिवशिवतो. वाटतं, आपण पटकन टाकून मोकळे होऊ. ते न करणं हीच मोठी सेवा आहे, हे समजायला आम्हाला वेळ लागला. भाई तर उठून बाहेर जायचे. त्यांना बघवायचं नाही.

हाताचं असं, आणि बोलण्याचं त्याहून अवघड. मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो आणि बहुतेकांच्या बाबतीत भाषाही तिथेच असते. म्हणून उजवी बाजू गेली की पुष्कळदा बोलणंही जातं. १८६१ साली पॉल ब्रोका नावाच्या फ्रेंच डॉक्टरांकडे एक रुग्ण होता. त्याला लोकांचं बोलणं कळायचं, पण काहीही विचारलं तरी तो ‘टॅन’ एवढंच म्हणायचा. तो वारल्यावर ब्रोकांनी त्याचा मेंदू तपासला. डाव्या बाजूला पुढच्या भागात इजा सापडली. बोलण्याची जागा मेंदूत कुठे असते, याचा मोठा पुरावा तिथून मिळाला. या विकाराला वाचाघात म्हणतात. त्यात बुद्धी जात नाही. माणूस आत शाबूत असतो, फक्त शब्द हाताला लागत नाहीत. आमच्याकडे येणारे मात्र मोठ्याने, लहान मुलाशी बोलावं तसं बोलायचे. भाभींच्या डोळ्यांत तेव्हा जो राग यायचा, तो मी पाहिला आहे.

आमच्या घरात दोन भाषा. आपसांत आम्ही दखनी बोलतो, रानात आणि गावात मराठी. कोणती आधी परत येईल, असं मी विचारलं, तेव्हा वाचा-उपचार करणाऱ्या बाई म्हणाल्या, याचा पक्का नियम नाही. जी येईल तिला येऊ द्या. दुसरीत बोला म्हणून अडवू नका. पहिला शब्द आला तो ना दखनी होता, ना मराठी. पाण्याचा पेला ओठाला लावताना भाभींच्या तोंडून अख्खं ‘बिस्मिल्ला’ निघालं. आम्ही सगळे उठून उभे राहिलो. पण ‘पानी’ म्हणा म्हटलं तर येईना. नंतर असंच एकदा शेंगा मोजताना ‘एक, दोन, तीन’ मराठीत सुरू झालं. रानात पेंढ्या त्या मराठीतच मोजायच्या. बाईंनी याचाही उलगडा केला. आयुष्यभर घोकलेली वाक्यं, मोजणी, वारांची नावं, प्रार्थना, गाणी ही बोलण्याच्या नेहमीच्या वाटेने येत नाहीत, म्हणून ती पुष्कळदा वाचतात. मनातलं सांगायला लागणारा शब्द नव्याने शोधावा लागतो, तो अडतो. अख्खं बिस्मिल्ला येतं आणि पाणी येत नाही, ते यामुळे. ‘मुद्दाम बोलत नाहीत’ असं कुणी म्हणू नये.

चुकीचा शब्दही येतो. मे महिन्यात एकदा भाभी ‘चूल, चूल’ म्हणत होत्या. आम्ही चूल पेटवली, विझवली, चहा ठेवला. त्या डाव्या हाताने बाजेवर मारायला लागल्या. मी वाक्यं पुरी करणारा माणूस, मी एकामागून एक शब्द सुचवत गेलो. प्रत्येक चुकला. शेवटी पुतणी खाली बसली आणि तिने एकच प्रश्न विचारला, ‘‘अम्मी, घरातलं का बाहेरचं?’’ भाभींनी दाराकडे बोट केलं. दारात जनावरांचा व्यापारी उभा होता. धारा काढायला कुणी नाही म्हणून भाईंनी दोन्ही म्हशी विकायचं ठरवलं होतं. त्यांना ‘म्हैस’ म्हणायचं होतं. त्या दिवशी एकच म्हैस गेली. दुसरीच्या धारा मुलगा शिकला. भाभी शेजारी बसून हाताने दाखवायच्या. त्यांच्या कामाचा हाही एक भाग परत मिळाला.

तेव्हापासून आम्ही काही नियम केले. एका वेळी एकानेच बोलायचं. रेडिओ, टीव्ही बंद. प्रश्न असा, की मान हलवून उत्तर देता यावं. आणि विचारल्यावर मनात दहा आकडे मोजायचे. शब्द आपण द्यायचा नाही.

मनाचंही सांगायला हवं. अशा झटक्यातून उठलेल्या साधारण तीनांतल्या एका माणसाला नैराश्य येतं. तो हट्ट किंवा आळस नसतो, आजाराचाच भाग असतो आणि त्यावर औषध आहे. घरी आल्यावर तीनेक आठवड्यांत रमजान लागला. रोजे धरता येणार नाहीत म्हणून भाभी दिवसदिवस रडायच्या. आजाऱ्याला रोजा माफ आहे, हे त्यांनीच आम्हा सगळ्यांना लहानपणी सांगितलेलं. आता आम्ही त्यांना सांगत होतो. सोलापूरच्या डॉक्टरांनी एक गोळी वाढवली, तेव्हा जेवण सुधारलं, शेंगांची टोपली त्या स्वतः मागू लागल्या.

थकतात ते नुसते आजारी नसतात. पुतणी बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. फेब्रुवारीपासून तिचं कॉलेज सुटलं, परीक्षा बुडाली. ते ठरवून झालं नाही. घरात आई पडली की मुलगीच थांबणार, हे कुणी न बोलता ठरून गेलं. जुलैत पुन्हा प्रवेश घ्यायची वेळ आली. भाई म्हणाले, हे वर्ष राहू दे. मी गप्प बसलो. मला आज त्याची लाज वाटते. पुतणीही काही बोलली नाही, आईला उठवायला वाकली. भाभींनी तिचा हात बाजूला सारला. ओठ हलले, शब्द अडला, पुन्हा हलले. आम्ही नियमाप्रमाणे थांबलो. मग त्या म्हणाल्या, ‘‘जा.’’ आणि कोनाड्यातल्या तिच्या दप्तराकडे बघितलं.

हा ‘जा’ दखनीतला की मराठीतला, सांगता येणार नाही. दोन्हींत तो एकच आहे.

दुसऱ्या दिवसापासून कामाची वाटणी झाली. सकाळचा व्यायाम मुलाकडे, दुपार शेजारच्या काकूंकडे. त्या तूर निवडायला येऊन बसतात आणि भाभींशी मराठीत बोलत राहतात. स्वयंपाक भाईंकडे. साठीतल्या माणसाने पहिल्यांदा भाकरी थापली. ती गोल नव्हती, पण खाल्ली. पुतणी कॉलेजला गेली आणि तिने पदवी पूर्ण केली.

शेवट गोड करून सांगायचा मोह होतो, पण खरं तेच सांगतो. भाभी पूर्ण बऱ्या झालेल्या नाहीत. काठी घेऊन गोठ्यापर्यंत जातात. उजव्या हाताने पेला धरता येतो, भाकरी थापता येत नाही. छोटी वाक्यं येतात, नावं अडतात. गोळी मात्र एकही दिवस चुकत नाही. ती कॅलेंडरवर खूण करून घेतात. आशाताई महिन्यातून एकदा येऊन दाब मोजतात, भाभींचा आणि आता भाईंचाही. आपल्या जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब मोफत मोजून मिळतो, गोळ्याही मोफत मिळतात. घरात तिशीच्या पुढचं जे कुणी असेल, त्याला, आणि विशेषतः ‘मला काही होत नाही’ म्हणणाऱ्या बाईला, या आठवड्यात तिथे घेऊन जा.

गेल्या महिन्यात मी गावी गेलो होतो. भाभी दारात बसून लसूण सोलत होत्या. मला बघून म्हणाल्या, ‘‘नवीन... नवीन...’’ आणि थांबल्या. मला वाटलं, कविता म्हणायचंय. शब्द माझ्या जिभेवर आला होता. मी मनात आकडे मोजायला लागलो. नवाला त्या म्हणाल्या, ‘‘चप्पल.’’ माझ्या पायात खरंच नवीन चप्पल होती.